एक विरोधी मत : कंत्राटदार जोतीराव फुले आणि पुण्याची नगरपालिका

गेल्या वर्षी आमचा एक माजी विद्यार्थी भेटावयास आला. वसतिगृहात असताना तो भिंतींची डागडुजी हौसेने करी. आज तो गवंडीकामाची छोटी कंत्राटे घेतो आणि त्याच्या हाताखाली दहा-बारा माणसे राबतात. चहा झाल्यावर त्याने विचारले, "सर, वस्तीतले लोक म्हणतात, नगरपालिकेला उभा राहा. राहू का?" आम्ही काही बोलण्याआधीच तो पुढे म्हणाला, "काही जण असंही म्हणतात की, निवडून आलास तर कामांची काळजी राहणार नाही."

त्याचा पहिला प्रश्न रास्त होता. दुसऱ्या वाक्याने मात्र आम्ही अस्वस्थ झालो. त्या दिवशी आम्ही त्याला थेट उत्तर दिले नाही, एका कंत्राटदाराची हकीकत सांगितली. तोच पाठ या स्मरणिकेच्या निमित्ताने माजी विद्यार्थी, पालक आणि समाजबांधवांपुढे ठेवीत आहोत. तो कंत्राटदार म्हणजे महात्मा जोतीराव फुले.

व्यवसाय : स्वाभिमानाची पायाभरणी

जोतीराव म्हटले की आपल्यासमोर १८४८ सालची भिडे वाड्यातील मुलींची शाळा, सावित्रीबाई आणि २४ सप्टेंबर १८७३ रोजी स्थापन झालेला सत्यशोधक समाज येतो. पाठ्यपुस्तकांतूनही एवढेच येते. परंतु शाळा चालवणारा, ग्रंथ लिहिणारा हा माणूस पोट कशावर भरीत होता, असा प्रश्न विद्यार्थी क्वचितच विचारतात. तो विचारला पाहिजे. कारण ज्याची भाकरी दुसऱ्याच्या हातात असते, त्याची जीभही बहुधा दुसऱ्याच्या हातात असते.

फुले घराण्याचे मूळ आडनाव गोऱ्हे. पेशवाईच्या काळात फुलांच्या व्यवसायावरून 'फुले' हे नाव पडले. जोतीरावांच्या वडिलांचा, गोविंदरावांचा, भाजी-फुलांचा धंदा होता. म्हणजे बाजारात बसून माल विकणे, मोल करणे, उधारी वसूल करणे हे या घरास परके नव्हते. जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले, काही काळ तेथे त्यांनी अर्धवेळ शिकवलेही. परंतु सरकारी नोकरीची वाट त्यांनी धरली नाही. धातू ओतण्यासाठी लागणाऱ्या मुशी विकण्याचा व्यवसाय त्यांनी १८६३ च्या सुमारास केला. पुढे ते बांधकामाच्या कंत्राटांकडे वळले. 'पुणे कमर्शियल अँड कॉन्ट्रॅक्टिंग कंपनी' या नावाने त्यांनी सहकाऱ्यांसह कामे घेतली. येरवड्याचा पूल, कात्रजचा बोगदा, खडकवासल्याचे धरण या कामांशी त्यांचे नाव जोडलेले आहे. पुण्याजवळ मांजरी येथे त्यांनी जमीन घेऊन शेतीही केली.

या धंद्याने जोतीरावांना तीन गोष्टी दिल्या.

पहिली, आर्थिक स्वातंत्र्य. शाळांना, ग्रंथांना, सत्यशोधक समाजाच्या कामाला पैसा लागतो. तो स्वतःच्या घामातून आला तर कोणाची मर्जी सांभाळावी लागत नाही. या चळवळीच्या पाठीशी उभे राहिलेल्या मंडळींतही कंत्राटदार होते. मुंबईतील रामय्या व्यंकय्या अय्यावारू, व्यंकू बाळाजी काळेवार यांच्यासारख्या तेलुगूभाषक व्यावसायिकांनी सत्यशोधक समाजाला मोठे बळ दिले. आपल्या परिवर्तनाच्या इतिहासात दगड, चुना आणि लाकूड यांचे व्यवहार करणाऱ्या माणसांचा वाटा किती मोठा आहे, याची ही खूण आहे.

दुसरी गोष्ट, कामगारांचा सहवास. खाणीतून दगड काढणारा, डोक्यावर घमेले वाहणारी, उन्हात चुना मळणारा माणूस जोतीरावांनी पुस्तकात वाचला नव्हता. त्याला रोज संध्याकाळी मजुरी मोजून देताना ते त्याच्या डोळ्यांत पाहत होते.

तिसरी गोष्ट, हिशेब. सरकारी कामात मोजमाप कसे फुगते, बिल कुठे अडते, कोणाचा हात ओला करावा लागतो, हे कंत्राटदाराइतके कोणालाच कळत नाही. 'गुलामगिरी' या १८७३ सालच्या ग्रंथात त्यांनी इंजिनियर खात्यातील कारभारावरही कोरडे ओढले. 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात कालव्याचे पाणी शेतकऱ्याला वेळेवर मिळत नाही, याची तक्रार आहे. अनेक जण भ्रष्टाचाराविषयी ऐकून लिहितात. जोतीरावांनी पाहून लिहिले.

नगरपालिकेत प्रवेश

इ. स. १८७६ मध्ये जोतीराव पुणे नगरपालिकेचे सदस्य झाले आणि १८८२ पर्यंत त्यांनी हे काम केले. येथे विद्यार्थ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. त्या वेळी नगरपालिकेत आजच्यासारखी निवडणूक नव्हती. सरकारी अधिकारी आणि सरकारने नेमलेले नागरिक मिळून शहराचा कारभार पाहत. सदस्याला 'म्युनिसिपल कमिशनर' म्हणत. आजचा महापालिका आयुक्त तो नव्हे. तेव्हाचा म्युनिसिपल कमिशनर म्हणजे साधारणपणे आजचा नगरसेवक, फक्त मतदारांनी निवडलेला नसून सरकारने नेमलेला.

तेव्हा जोतीरावांना लोकांनी मत देऊन पाठवले नव्हते, हे आम्ही स्पष्टच सांगतो. महापुरुषाविषयी आदर असला म्हणून इतिहास सजवून सांगण्याचे कारण नाही. परंतु याच वस्तुस्थितीतून एक मोठा प्रश्न निघतो. ज्याला सरकारने नेमले, त्याने सरकारच्या मर्जीने हात वर करावा, अशीच अपेक्षा असते. नामनियुक्त सदस्याची खुर्ची ही मानाची खुर्ची होती. तीवर बसून गप्प राहणे सर्वांत सोपे होते. जोतीराव त्या खुर्चीवर बसून काय करीत होते?

पहिला प्रसंग : एक हजार रुपये

इ. स. १८८० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यास येणार होते. त्यांच्या स्वागतासाठी नगरपालिकेने एक हजार रुपये खर्च करावेत, असा प्रस्ताव आला. साम्राज्याचा सर्वोच्च प्रतिनिधी शहरात येणार म्हटल्यावर अशा प्रस्तावाला कोण विरोध करणार? जोतीरावांनी केला. हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणावर खर्च करावा, असे त्यांचे म्हणणे होते. प्रस्ताव मताला टाकण्यात आला. ३२ सदस्यांपैकी विरोधात मत देणारे जोतीराव एकटेच होते. प्रस्ताव मंजूर झाला.

त्या दिवशी जोतीराव हरले. हा पाठ त्या पराभवापासूनच सुरू होतो. त्यांनी व्हाइसरॉयचा अपमान केला नाही, घोषणा दिली नाही, सभात्यागही केला नाही. हा पैसा कोणाचा आहे आणि तो कोणावर खर्च व्हायला हवा, एवढाच प्रश्न त्यांनी विचारला. नगरपालिकेच्या तिजोरीतील रुपया हा भाजी विकणाऱ्या बाईच्या, हमालाच्या, विणकराच्या करातून आलेला असतो. त्याचा पहिला हक्क त्यांच्या मुलांचा आहे. रोजमजुरीचा हिशेब ठेवणाऱ्या माणसाला हा प्रश्न सुचणे स्वाभाविक होते. बाकी मंडळींना तो सुचला नाही, किंवा सुचूनही बोलवला नाही.

दुसरा प्रसंग : दारूची दुकाने

त्याच वर्षी जोतीरावांनी शहरातील वाढत्या दारूदुकानांविरुद्ध नगरपालिकेच्या व्यवस्थापक समितीचे अध्यक्ष प्लंकेट यांना पत्र लिहिले. त्यातील विचाराची दिशा आजही ताजी वाटते. नगरपालिका लोकांच्या आरोग्यासाठी खर्च करते, आणि त्याच शहरात दारूची दुकाने वाढून लोकांचे आरोग्य, नीती आणि संसार यांची धूळधाण होते, ही विसंगती त्यांनी दाखवून दिली.

दारू पिऊ नका असा उपदेश करणारे तेव्हाही पुष्कळ होते. तो उपदेश बहुधा गरिबालाच दोष देऊन थांबे. जोतीरावांनी बोट ठेवले ते दुकानाच्या परवान्यावर आणि कारभाराच्या दुटप्पीपणावर. एका हाताने गटार साफ करायचे आणि दुसऱ्या हाताने घर बुडवायचे, याला नगररचना म्हणत नाहीत. आपल्या विद्यार्थ्यांपैकी अनेकांच्या घरात या विषाने काय केले आहे, हे पालकांना वेगळे सांगावयास नको. म्हणून हा प्रसंग आम्हाला केवळ पुण्याचा वाटत नाही.

तिसरा प्रसंग : मंडई

पुण्यात भव्य मंडई बांधण्याची योजना पुढे आली. हा प्रसंग आमच्या दृष्टीने सर्वांत बोलका आहे. जोतीरावांनी या मोठ्या खर्चाला विरोध केला. आधी शिक्षण, मग इमारत, हाच त्यांचा क्रम होता. या विरोधात हरि रावजी चिपळूणकर त्यांच्यासोबत होते. तरीही मंडई बांधली गेली आणि १८८६ मध्ये गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने ती सुरू झाली. पुढे आचार्य अत्रे पुण्याच्या नगरपालिकेत असताना त्यांच्या पुढाकाराने त्याच वास्तूला 'महात्मा फुले मंडई' हे नाव मिळाले. ज्या इमारतीच्या खर्चाला विरोध केला, तीच इमारत आज त्यांचे नाव मिरवते.

ही गंमत म्हणून सांगितली जाते. आम्हाला त्यात दुसरेच काही दिसते. शहरात मोठी इमारत उभी राहणार म्हटल्यावर सर्वांत आधी कोणाचे डोळे चमकतात? दगड, चुना आणि मजूर पुरवणाऱ्याचे. जोतीरावांचा धंदा नेमका तोच. बांधकामाच्या धंद्यातील माणसाने बांधकामाच्या खर्चाविरुद्ध बोलणे, याचा अर्थ आपला धंदा त्याने सभागृहाच्या दाराबाहेर ठेवला होता. धंद्यातून आलेली दृष्टी मात्र तो आत घेऊन गेला होता. या दोन गोष्टींतला भेद ज्याला कळला, त्याला हा संपूर्ण पाठ कळला, असे आम्ही समजू.

स्वाक्षरीतील तीन ओळखी

१९ ऑक्टोबर १८८२ रोजी जोतीरावांनी हंटर शिक्षण आयोगाला आपले निवेदन सादर केले. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी मागणी त्यात आहे. सरकारचा महसूल कष्टकऱ्यांच्या घामातून येतो आणि शिक्षणाचा लाभ मात्र वरच्या वर्गांना मिळतो, हा त्यातील मध्यवर्ती आक्षेप आहे. लिटनच्या स्वागताच्या वेळी विचारलेला प्रश्नच येथे साऱ्या इलाख्यापुरता विचारलेला दिसतो.

या निवेदनाखाली जोतीरावांनी आपली ओळख कशी करून दिली आहे? व्यापारी, शेतकरी आणि म्युनिसिपल कमिशनर. समाजसुधारक, ग्रंथकार, शाळांचे संस्थापक अशी बिरुदे त्यांना लावता आली असती. त्यांनी ती लावली नाहीत. आपण काय करून खातो आणि कोणत्या लोकसंस्थेत जबाबदार आहोत, एवढेच त्यांनी सांगितले. आमच्या मते ही नम्रता तर आहेच, शिवाय तो एक दावाही आहे. राज्यकारभारावर बोलण्याचा अधिकार पदवीतून किंवा जन्मातून येत नाही, तो कष्टातून आणि जबाबदारीतून येतो, असा तो दावा आहे.

याच निवेदनातील आणखी एक मुद्दा आम्ही वर्गात मुद्दाम सांगतो. मोठ्या शहरांतील प्राथमिक शाळांचा खर्च नगरपालिकांनी पूर्णपणे उचलावा, असे जोतीरावांनी सुचवले. पण पुण्यासारख्या ठिकाणी शाळांचे व्यवस्थापन संपूर्णपणे नगरपालिकेच्या हाती देऊ नये, त्यांवर शिक्षण खात्याची देखरेख असावी, असेही त्यांनी बजावले. स्वतः नगरपालिकेत बसलेला सदस्य हे सांगत होता. त्याला आतून माहीत होते की, सभागृहात ज्यांचे बहुमत आहे, ते शूद्रातिशूद्रांच्या मुलांसाठी हात वर करतीलच असे नाही. संस्थेत राहूनही संस्थेविषयी खरे बोलणे याला धैर्य लागते.

ठराव कागदावर, पाणी तळ्यात

१८८२ मध्येच लॉर्ड रिपन यांनी स्थानिक स्वराज्य संस्थांविषयीचा प्रसिद्ध ठराव केला आणि नगरपालिकांत निवडणुकीला वाट मिळू लागली. परंतु मताचा हक्क कर आणि मालमत्ता यांच्याशी बांधलेला होता. ज्याच्या नावावर घर नाही, त्याच्या नावावर मतही नाही. म्हणजे नेमणुकीची जागा निवडणुकीने घेतली, तरी आपल्या समाजासाठी दार बंदच राहिले.

अशा काळात एखादा चांगला ठराव झाला, तरी त्यामागे आपले बळ नसेल तर काय होते, हे महाडने दाखवले. सीताराम केशव बोले यांच्या १९२३ च्या विधिमंडळातील ठरावाला अनुसरून महाडच्या नगरपालिकेने ५ जानेवारी १९२४ रोजी चवदार तळे अस्पृश्यांना खुले केले. सुरेंद्रनाथ टिपणीस यांच्यासारखा न्यायबुद्धीचा माणूस तेथे नगराध्यक्ष होता. तरीही तीन वर्षे तो ठराव कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी हजारो अनुयायांसह तळ्याचे पाणी प्राशन केले, तेव्हा ठरावाला अर्थ आला. त्यावर नगरपालिकेने काय केले? ४ ऑगस्ट १९२७ रोजी आपलाच ठराव मागे घेतला. पाण्याचा हक्क न्यायालयात सिद्ध व्हायला १७ मार्च १९३७ उजाडावा लागला.

नगरपालिका ही किरकोळ गोष्ट आहे, गटार-दिव्यांचे राजकारण आहे, असे म्हणणाऱ्यांनी महाड आठवावे. आपल्या मुक्तीच्या लढ्यातील पहिला मोठा संग्राम एका नगरपालिकेच्या तळ्यावर आणि तिच्या ठरावावर झाला.

दोन नामनियुक्त सदस्य

महाडच्या सत्याग्रहाच्या काही दिवस आधी, १२ मार्च १९२७ रोजी, बाबासाहेब मुंबई विधिमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलले. तेही जोतीरावांप्रमाणे नामनियुक्त सदस्य होते. त्यांनी हिशेब मांडला : सरकार शिक्षणावर माणशी चौदा आणे खर्च करते आणि दारूच्या अबकारी उत्पन्नातून माणशी दोन रुपयांहून अधिक वसूल करते. दारूतून जेवढे घेता, निदान तेवढे तरी शिक्षणावर खर्च करा, अशी त्यांची मागणी होती.

वाचकहो, हे दोन प्रसंग शेजारी ठेवून पाहा. १८८० मध्ये एक कंत्राटदार नगरपालिकेत एका बाजूला दारूदुकानांविरुद्ध लिहितो आणि दुसऱ्या बाजूला स्वागताचा पैसा शिक्षणाकडे वळवा म्हणतो. १९२७ मध्ये एक अर्थशास्त्रज्ञ विधिमंडळात त्याच दोन गोष्टी एका गणितात बसवतो. एकाच्या हिशेबाला कंत्राटाची वही होती, दुसऱ्याच्या हिशेबाला कोलंबिया आणि लंडनची विद्वत्ता. प्रश्न मात्र एकच होता : घेता कोणाकडून आणि देता कोणाला? बुद्ध, कबीर आणि फुले हे आपले तीन गुरू, असे बाबासाहेब सांगत. 'शूद्र पूर्वी कोण होते?' हा आपला १९४६ चा ग्रंथ त्यांनी जोतीरावांना अर्पण केला. या गुरुशिष्यसंबंधात अंदाजपत्रक वाचण्याची शिस्तही येते, हे आपण विसरू नये.

आज आपल्या जिल्ह्यात

आपला परभणी जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. प्रौढ मताधिकार आपल्याला संविधानाने दिला. आज परभणीला महानगरपालिका आहे. गंगाखेड, जिंतूर, सेलू, मानवत, पाथरी, पूर्णा, सोनपेठ येथे नगरपरिषदा आहेत. १९९३ मध्ये अंमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांना घटनात्मक स्थान मिळाले. अनुसूचित जाती-जमातींना लोकसंख्येच्या प्रमाणात आणि महिलांना राखीव जागा मिळाल्या. महाराष्ट्रात महिलांसाठीचे आरक्षण आता निम्म्या जागांपर्यंत आहे. जोतीरावांना ज्या सभागृहात सरकारच्या नेमणुकीने जावे लागले, त्यासारख्या सभागृहात आज आपली मुलगी किंवा आपला गवंडी, सुतार, वायरमन, रिक्षाचालक मताने जाऊ शकतो. हे कोणाचे उपकार नाहीत, तो संघर्षाने मिळवलेला हक्क आहे.

परंतु हक्काबरोबर एक मोह आला आहे. त्याविषयी स्पष्ट बोलणे शिक्षक म्हणून आमचे कर्तव्य आहे. पूर्वी आपला माणूस सभागृहात नव्हता, म्हणून वस्तीत रस्ता नव्हता. आता काही ठिकाणी आपला माणूस सभागृहात असतो आणि तरीही रस्ता पहिल्या पावसात वाहून जातो. कारण रस्ता मंजूर करणारा आणि रस्ता करणारा यांची पाकिटे एकच झालेली असतात. कायद्याला हा धोका ठाऊक आहे. महाराष्ट्राच्या १९६५ च्या नगरपरिषद कायद्यानुसार, नगरपरिषदेच्या कामात किंवा कंत्राटात स्वतःचा अथवा भागीदारामार्फत प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हितसंबंध असलेला माणूस सदस्यत्वास अपात्र ठरतो. पण मेहुण्याच्या, मित्राच्या, गाडीचालकाच्या नावाने निविदा भरण्याची युक्ती कायद्याच्या पुढे धावते. मग आपल्या नगरसेवकाचे मत ठरावावर पडत नाही, ते बिलावर पडते.

तथागतांच्या अष्टांगिक मार्गात सम्यक आजीविका आहे. उपजीविका अशी असावी की जिच्यामुळे दुसऱ्याचे अहित होणार नाही. विहारात आपण हे म्हणतो. पण सिमेंटात वाळू जास्त घालून बांधलेल्या शाळेच्या खोलीत बसणारे मूल, हाही त्या उपजीविकेचा विषय आहे. जो कारागीर ओळंबा धरून भिंत सरळ करतो, त्याला सभागृहातील वाकडे काम नजरेने कळते. ही त्याची खरी पात्रता. ती विकली, तर त्याच्याजवळ सभागृहात घेऊन जाण्यासारखे दुसरे काही उरत नाही.

शेवट आणि उत्तर

जोतीरावांची अखेरची वर्षे कशी गेली, हेही सांगितले पाहिजे. १८८८ च्या मे महिन्यात मुंबईत जनतेने त्यांना 'महात्मा' ही पदवी दिली. त्याच वर्षी त्यांना पक्षाघाताचा झटका आला. व्यवसाय मंदावला होता, हाती पैसा राहिला नव्हता. मामा परमानंद यांनी बडोद्याच्या सयाजीराव गायकवाड महाराजांना पत्र लिहून मदतीची विनंती केली. २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीरावांचे निधन झाले. पूल, बोगदा आणि धरण यांच्या कामांत नाव असलेला, सहा वर्षे शहराच्या कारभारात बसलेला माणूस शेवटी औषधपाण्यासाठी अडचणीत होता. आम्ही हे दारिद्र्याचे कौतुक म्हणून सांगत नाही. आमच्या मुलांनी धंद्यात चार पैसे जरूर मिळवावेत, घर बांधावे, मुलांना शिकवावे. आम्ही सांगतो ते एवढ्याचसाठी की, जोतीरावांनी नगरपालिकेतून काय नेले, याचा हिशेब त्या अखेरच्या पत्रात आहे.

आमच्या त्या विद्यार्थ्याला सर्व सांगून झाल्यावर आम्ही म्हणालो, "उभा राहा. तुझ्या वस्तीला पाण्याची वेळ, गटाराचा उतार आणि शाळेच्या छताची जाडी कळणारा माणूस हवा आहे. पण ज्या दिवशी अर्ज भरशील, त्या दिवशी नगरपालिकेच्या कामांपासून स्वतःला सोडवून घे. खासगी घरे बांध, बाहेरच्या गावी काम घे. आणि सभागृहात गेल्यावर कधीतरी असा ठराव येईल की, सगळे हात वर जातील. तेव्हा एकट्याने हात खाली ठेवता येईल का, हे आजच स्वतःला विचार."

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "सर, मग कामं कमी होतील." आम्ही म्हणालो, "होतील." त्याला खोटा धीर देणे आम्हाला योग्य वाटले नाही. निघताना तो म्हणाला, "घरी बोलून सांगतो." त्याचा निर्णय अजून आम्हाला कळलेला नाही. तो काहीही असो, विचार करून घेतलेला असावा, एवढीच अपेक्षा आहे. त्याने उभे राहायचे ठरवले, तर त्याच्या घरच्यांनी आणि वस्तीनेही एक गोष्ट लक्षात ठेवावी. हात खाली ठेवणाऱ्या माणसाच्या मागे त्याचे लोक उभे नसतील, तर तो फार काळ एकटा टिकत नाही. जोतीरावांच्या मागे सावित्रीबाई होत्या आणि सत्यशोधक समाज होता.

वसतिगृहातील गटचर्चेसाठी प्रश्न

१. जोतीरावांच्या व्यवसायाने त्यांना नगरपालिकेच्या कामात कोणत्या तीन गोष्टी दिल्या? तुमच्या आई-वडिलांच्या कामातून मिळणारी अशी एक दृष्टी सांगा.

२. ३२ सदस्यांत एकटे मत देऊन ठराव थांबला नाही. मग त्या मताचा उपयोग काय झाला? आपले मत कारणांसह मांडा.

३. मंडईचा उपयोग भाजी विकणाऱ्यांनाही होतोच. तेव्हा जोतीरावांचा विरोध बरोबर होता का? दोन्ही बाजूंनी विचार करा.

४. १९२४ च्या महाडच्या ठरावाला १९२७ पर्यंत अर्थ का आला नाही? आपल्या गावातील कागदावर राहिलेला एखादा ठराव किंवा योजना शोधून काढा.

५. सुटीत गावी गेल्यावर आपल्या नगरपरिषदेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या अंदाजपत्रकात शिक्षणावर किती तरतूद आहे, हे पालकांसोबत जाऊन विचारा. उत्तर लिहून आणा.

जय जोती! जय भीम!